पेट्रोलमधलं बेंझिन कमी करताना: हिशेबापासून ब्लेंडिंगपर्यंत

रिफायनरीत बेंझिनचा विषय निघाला की चर्चा पहिल्या दहा मिनिटांतच नव्या युनिटवर पोचते. सॅच्युरेशन (हायड्रोजन जोडून बेंझिनचं दुसरं संयुग करणं) घ्यायचं की एक्स्ट्रॅक्शन (द्रावकाने बेंझिन वेगळं काढणं), कुणाचं लायसन्स, किती खर्च. बेंझिन नेमकं कुठल्या प्रवाहातून येतं आणि तो प्रवाह आपल्याला थोडा हलवता येईल का, हे मात्र कुणी नीट मोजलेलं नसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी मोजणी, मग आहे त्या कॉलममधून (ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांतून) निघेल तेवढं काम, आणि शेवटी नवी यंत्रणा.

बेंझिन माणसात कर्करोग घडवतं, रक्ताचा कर्करोग त्यात ठळक, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे पेट्रोलमधल्या मर्यादा गेल्या काही दशकांत घट्ट होत गेल्या. युरोपात जानेवारी २००० पासून आकारमानाने १ टक्का ही कमाल मर्यादा आहे. भारत स्टेज-६ च्या पेट्रोललाही १ टक्काच लागू आहे. अमेरिकेत २०११ पासून वार्षिक सरासरी ०.६२ टक्के ठेवावी लागते. १ टक्का आणि ०.६२ टक्के हे आकडे जवळचे दिसतात, पण रिफायनरीच्या आतून पाहिलं तर ते दोन वेगळे प्रश्न आहेत. का, ते हिशेब मांडला की दिसतं.

पायरी १: बेंझिनचा ताळेबंद

पेट्रोलच्या पूलमध्ये, म्हणजे ज्या मिश्रणातून पेट्रोल बनतं त्यात, जाणारा प्रत्येक प्रवाह घ्या: रिफॉर्मेट (नॅफ्थाचं ऑक्टेन वाढवणाऱ्या रिफॉर्मर युनिटचा माल), एफसीसी गॅसोलिन (कॅटॅलिस्टवर जड तेल तोडून मिळालेलं पेट्रोल), हलका स्ट्रेट-रन नॅफ्था (क्रूडच्या ऊर्ध्वपातनातून थेट निघालेला), आयसोमरेट (आयसोमरायझेशनमध्ये सरळ साखळीचे हलके रेणू फांदीदार करून मिळालेला माल), अल्किलेट (हलके वायू जोडून केलेलं पेट्रोल), असल्यास हायड्रोक्रॅकर आणि कोकर या जड तेल तोडणाऱ्या युनिटांचा हलका नॅफ्था. प्रत्येकाचं बेंझिन गॅस क्रोमॅटोग्राफीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीवर) काढा आणि महिन्याच्या सरासरी प्रवाहाने गुणा. आकारमानाच्या आधारावर बेंझिन सरळ बेरजेने मिसळतं, ऑक्टेनसारखा वाकडेपणा त्यात नाही.

समजा, पूलमध्ये ३५ टक्के रिफॉर्मेट (बेंझिन ५ टक्के), ३५ टक्के एफसीसी गॅसोलिन (०.८ टक्के), १५ टक्के आयसोमरेट, १० टक्के अल्किलेट आणि ५ टक्के हलका नॅफ्था (१.५ टक्के) आहे. आयसोमरेट आणि अल्किलेटमध्ये बेंझिन जवळपास शून्य. मग रिफॉर्मेटकडून १.७५, एफसीसीकडून ०.२८ आणि नॅफ्थाकडून ०.०८ येतं. एकूण २.१ टक्के. त्यातलं ८३ टक्के एकट्या रिफॉर्मेटचं.

आता लक्ष्य ०.९ धरा, म्हणजे १ टक्क्याच्या मर्यादेत थोडी मोकळीक. बाकी सगळं तसंच ठेवलं तर रिफॉर्मेटचं बेंझिन ५ वरून साधारण १.५ टक्क्यांवर आणावं लागेल. लक्ष्य ०.६ केलं तर ते ०.७ टक्क्यांवर यावं लागतं, आणि तेव्हा पूलमधलं जवळजवळ अर्धं बेंझिन एफसीसीचं असतं. १ टक्क्याची मर्यादा रिफॉर्मर परिसरात सुटते. ०.६२ ची मर्यादा एफसीसीला हात लावायला भाग पाडू शकते, निदान त्याच्याकडे बघायला तरी.

या हिशेबात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला घोळ वजन आणि आकारमानाचा. बेंझिनची घनता सुमारे ०.८८, पेट्रोलची ०.७४ च्या आसपास. त्यामुळे आकारमानाने १ टक्का म्हणजे वजनाने जवळपास १.२ टक्के. एका प्रयोगशाळेचा अहवाल वजनात आणि दुसऱ्या युनिटचा आकारमानात असेल तर ताळेबंद कधीच जुळणार नाही. दुसरा घोळ नमुन्याचा. गरम, उघड्या बाटलीतून हलके घटक उडतात आणि उरलेल्यात बेंझिनचं प्रमाण जास्त दिसतं. नमुना थंड करून बंद सिलिंडरमध्येच घ्या.

रिफॉर्मरचा ताळेबंद वेगळा करा, तोच पुढच्या निर्णयांचा पाया आहे. फीडमध्ये (युनिटला दिलेल्या मालात) बेंझिन, सायक्लोहेक्झेन, मिथाइल-सायक्लोपेंटेन आणि एन-हेक्झेन किती, आणि बाहेर बेंझिन किती? बाहेरचं बेंझिन फीडमधल्या C६, म्हणजे सहा कार्बनच्या, घटकांच्या बेरजेने समजावता येत नसेल, तर उरलेलं जड अ‍ॅरोमॅटिक्सच्या (बेंझिनसारखी कडी असलेल्या मोठ्या संयुगांच्या) तुटण्यातून आलेलं आहे. ते फीड बदलून जाणार नाही.

पायरी २: बेंझिन तयारच होऊ न देणं

रिफॉर्मरमध्ये सायक्लोहेक्झेनचं बेंझिन जवळजवळ पूर्ण आणि झटपट होतं. मिथाइल-सायक्लोपेंटेनची कडी आधी सहा कार्बनची व्हावी लागते, त्यात थोडा भाग तुटूनही जातो, पण बराचसा बेंझिनच होतो. एन-हेक्झेनचं रूपांतर कमी. आणि फीडमधलं बेंझिन तसंच्या तसं पलीकडे जातं. हे चारही घटक नॅफ्था स्प्लिटरच्या (रिफॉर्मरआधी नॅफ्था हलका आणि जड असा विभागणाऱ्या कॉलमच्या) माथ्यावर ढकलले की रिफॉर्मेटचं बेंझिन सामान्यतः टक्का-दीड टक्क्याच्या परिसरात येतं. ज्यांच्याकडे हा वरचा भाग घ्यायला आयसोमरायझेशन युनिट आहे आणि स्प्लिटरमध्ये जागा आहे, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

अडचण उकळबिंदूंची आहे. मिथाइल-सायक्लोपेंटेन ७१.८ अंश सेल्सिअसला उकळतं, बेंझिन ८०.१ ला, सायक्लोहेक्झेन ८०.७ ला. त्याच पट्ट्यात C७ पॅराफिन (सात कार्बनची, कडी नसलेली संयुगं) सुरू होतात: २,२-डायमिथाइलपेंटेन ७९.२ ला, २,४-डायमिथाइलपेंटेन ८०.५ ला. म्हणजे सायक्लोहेक्झेन पूर्ण वर काढायचं ठरवलं तर काही C७ सोबत येणारच. आयसोमरायझेशनच्या कॅटॅलिस्टवर C७ तुटून प्रोपेन-ब्युटेन होतात. द्रव पेट्रोल गॅस होऊन गेलं, हे नुकसान महिन्याच्या अहवालात हळूच दिसतं आणि कुणी त्याचा बेंझिनशी संबंध लावत नाही.

काम कसं करायचं? कट, म्हणजे हलका-जड विभागणीचा बिंदू, हळूहळू वर न्या. तळाचं तापमान २-३ अंशांनी वाढवा, कॉलम स्थिर होऊ द्या, मग वरचा आणि खालचा दोन्ही नमुने घ्या. खालच्यात सायक्लोहेक्झेन किती उरलं आणि वरच्यात C७ किती आले, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा. जड नॅफ्थाच्या डी-८६ या ऊर्ध्वपातन चाचणीतल्या सुरुवातीच्या उकळबिंदूवर कॉलम चालवण्याची जुनी सवय इथे अपुरी पडते. तो बिंदू दोन-तीन अंशांनी हलला तरी सायक्लोहेक्झेन दुप्पट झालेलं असू शकतं. क्रोमॅटोग्राफीशिवाय हा कट लावता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

रिफ्लक्स (माथ्यावरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) वाढवला की विभागणी सुधारते, पण रिबॉयलर, कंडेन्सर आणि ट्रे यांपैकी कोण आधी हात वर करतो ते पाहा. ट्रे पूर यायच्या सीमेवर असतील तर रिफ्लक्स वाढवून विभागणी बिघडतेच. जुने ट्रे बदलून जास्त क्षमतेचे घातले तर पुष्कळदा नव्या युनिटच्या खर्चाच्या अंशात काम होतं.

आता किंमत. C६ रिफॉर्मरपासून दूर नेले की त्यांचा हायड्रोजनही गेला. सायक्लोहेक्झेनचा एक रेणू बेंझिन होताना तीन रेणू हायड्रोजन देतो. ज्या रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला हायड्रोजन आधीच ताणलेला आहे, तिथे हा मोठा मुद्दा. शिवाय रिफॉर्मरमध्ये नॅफ्थीन (सायक्लोहेक्झेनसारखी कडीची संयुगं) कमी झाले की पहिल्या रिअ‍ॅक्टरमधली तापमानाची घसरण कमी होते, भट्ट्यांवरचा भार बदलतो, आणि ऑपरेटरला ते कॅटॅलिस्ट मेल्यासारखं वाटू शकतं. शिफ्टच्या लोकांना आधीच सांगून ठेवा.

तरीही तर्क साधा आहे. आधी इंधन जाळून सायक्लोहेक्झेनचं बेंझिन करायचं आणि पुढच्या युनिटमध्ये हायड्रोजन घालून त्याचं परत सायक्लोहेक्झेन करायचं, हा द्राविडी प्राणायाम शक्य तिथे टाळलेला बरा.

पायरी ३: रिफॉर्मर किती ताणायचा

रिफॉर्मरची तीव्रता, म्हणजे ऑक्टेनसाठी त्याचं तापमान, वाढवली की टोल्युइन आणि झायलीनसारख्या जड अ‍ॅरोमॅटिक्सच्या शाखा तुटतात आणि बेंझिन वाढतं. ही तुटण्याची क्रिया हायड्रोजनच्या जास्त दाबाखाली अधिक होते. म्हणून जुन्या, जास्त दाबाच्या सेमी-रिजनरेटिव्ह युनिटमध्ये (कॅटॅलिस्ट ताजं करायला ती बंद करावी लागतात) फीड कितीही स्वच्छ केलं तरी काही बेंझिन निघतच राहतं. सतत रिजनरेशनवाल्या कमी दाबाच्या युनिटमध्ये ते तुलनेने कमी, पण ही युनिटं चालवली जातात जास्त ऑक्टेनला, त्यामुळे फायदा थोडा खाल्ला जातो.

पूलमध्ये इथेनॉल मिसळत असाल तर दोन फायदे आहेत. १० टक्के इथेनॉलने बेंझिन तेवढ्या प्रमाणात पातळ होतं, आणि इथेनॉलचं ऑक्टेन मिळाल्यामुळे रिफॉर्मरची तीव्रता उतरवता येते. दुसरा फायदा लोक घेत नाहीत. रिफॉर्मर जुन्याच तापमानावर चालत राहतो आणि ऑक्टेन फुकट दिलं जातं.

पायरी ४: झालेल्या बेंझिनचं काय करायचं

पहिल्या तीन पायऱ्यांनी भागलं नाही तर रिफॉर्मेट स्प्लिटर लागतो. सगळं रिफॉर्मेट दोन भागांत करायचं: वर C५-C६ चा हलका भाग, खाली टोल्युइन आणि त्यापुढचं. हलका भाग रिफॉर्मेटच्या साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढा असतो, म्हणून ५ टक्के बेंझिन तिथे २० ते २५ टक्के होऊन बसतं. पुढची प्रक्रिया फक्त एवढ्याच भागावर करायची असल्याने यंत्रणा लहान राहते.

या स्प्लिटरची दोन टोकं दोन वेगळ्या गोष्टी ठरवतात. तळाशी निसटलेलं बेंझिन थेट पेट्रोलमध्ये जातं. रिअ‍ॅक्टरने वरच्या भागातलं ९९ टक्के बेंझिन संपवलं आणि तळात १ टक्का राहिलं, तर एकूण रिफॉर्मेट ०.८ टक्क्याच्या खाली जाणार नाही. म्हणजे ०.६२ च्या मर्यादेत रिअ‍ॅक्टरपेक्षा हा तळच अडसर ठरतो. उलट, वर निसटलेलं टोल्युइन सॅच्युरेशनमध्ये मिथाइल-सायक्लोहेक्झेन होतं. ११० च्या वर ऑक्टेन असलेला घटक ७५ च्या आसपास उतरतो, वर हायड्रोजनही खातो. दोन्हीकडे एकदम घट्ट धरायला ट्रे आणि रिफ्लक्स हवेत. ते नसतील तर तळाच्या बेंझिनला प्राधान्य द्या, कारण मर्यादा त्याच्यावर आहे.

पुढे चार रस्ते.

सर्वांत रुळलेला रस्ता सॅच्युरेशनचा. निकेल किंवा प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर बेंझिनला हायड्रोजन देऊन सायक्लोहेक्झेन करायचं. यूओपीची बेनसॅट, अ‍ॅक्सेन्सची बेनफ्री आणि ऊर्ध्वपातनाच्या कॉलममध्येच कॅटॅलिस्ट बसवणारी सीडीहायड्रो या याच वर्गातल्या प्रक्रिया. एका टन बेंझिनला सुमारे ७७ किलो, म्हणजे सामान्य स्थितीतले ८६० घनमीटर हायड्रोजन लागतो. वरच्या उदाहरणात पूलमधलं १.२ टक्का बेंझिन सॅच्युरेशनमध्ये नेलं, तर दर १,००० घनमीटर पेट्रोलमागे ९,००० घनमीटरच्या आसपास हायड्रोजन जातो. हा आकडा हायड्रोजनच्या ताळेबंदात टाकूनच पुढे बोला.

ऑक्टेनची धास्ती मात्र वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. बेंझिनचं ऑक्टेन १०० च्या आसपास, सायक्लोहेक्झेनचं ८३. पूलमधल्या १.२ टक्क्याच्या रूपांतराने पूलचं ऑक्टेन ०.२ च्या आसपास उतरतं. बदल्यात आकारमान वाढतं: बेंझिनच्या दर १०० लिटरमागे सायक्लोहेक्झेन सुमारे १२० लिटर होतं. टोल्युइन निसटत असेल तर मात्र हे गणित पार बिघडतं.

खरी काळजी उष्णतेची. एका मोल बेंझिनमागे २०६ किलोज्यूल उष्णता निघते. फीडमध्ये वजनाने २० टक्के बेंझिन असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर तापमान जवळपास २०० अंशांनी चढेल. एवढ्या चढाने प्रतिक्रिया बेभान होऊ शकते, आणि ३०० अंशांच्या दिशेने गेलं की समतोल उलटू लागून बेंझिन शिल्लकही राहतं. म्हणून रिअ‍ॅक्टरमधून निघालेला थंड केलेला माल परत आत आणून फीड पातळ करतात. सुरुवात करताना रिअ‍ॅक्टर आधी बेंझिन नसलेल्या मालाने भरा, पुनर्चक्रण पूर्ण प्रवाहावर आणा आणि मगच फीड थोडं-थोडं उघडा. पुनर्चक्रणाचा पंप बंद पडला की हायड्रोजन आणि फीड आपोआप तुटलं पाहिजे. ही ट्रिप बायपासवर ठेवून युनिट चालवू नये, कुणी कितीही घाई केली तरी.

निकेलला गंधक चालत नाही. हलकं रिफॉर्मेट आधीच गंधकमुक्त असतं, ही जमेची बाजू. पण रिफॉर्मरच्या हायड्रोजनसोबत येणारं हायड्रोजन क्लोराइड कॅटॅलिस्ट आणि पाइप दोघांना खातं, त्यासाठी क्लोराइड ट्रॅप लावा. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड असेल तर आणखी एक धोका आहे: कमी तापमानाला निकेलशी त्याचा संयोग होऊन निकेल कार्बोनिल हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. बंद करताना आणि कॅटॅलिस्ट काढताना थंड होण्याआधी कार्बन मोनॉक्साइड धुऊन काढण्याची पायरी कार्यपद्धतीत लिहिलेली असलीच पाहिजे.

दुसरा रस्ता आयसोमरायझेशन युनिटमध्येच हलकं रिफॉर्मेट टाकण्याचा. तिथलं प्लॅटिनम बेंझिन सॅच्युरेट करतंच. पण दर एक टक्का बेंझिनमागे तापमान साधारण १० अंश चढतं, आणि आयसोमरायझेशनचा समतोल कमी तापमानाला चांगला असतो. शिवाय सायक्लोहेक्झेन कॅटॅलिस्टच्या जागा अडवून ठेवतं. थोड्या प्रमाणात हे चालतं. बेंझिन मिश्र फीडच्या काही टक्क्यांपलीकडे गेलं की आधी वेगळा सॅच्युरेशन रिअ‍ॅक्टर हवाच. पेनेक्स-प्लस या आयसोमरायझेशन प्रक्रियेसारख्या रचनेत तो जोडूनच येतो. नवा प्रवाह जोडताना त्यातलं पाणीही तपासा, क्लोराइडयुक्त अ‍ॅल्युमिनाचं कॅटॅलिस्ट पाण्याने कायमचं मरतं.

तिसरा रस्ता बेंझिन वेगळं काढून विकण्याचा: सल्फोलेन किंवा एन-फॉर्मिलमॉर्फोलीनसारख्या द्रावकाने. हायड्रोजन लागत नाही आणि बेंझिनला रसायन म्हणून भाव मिळतो. पण ९९.९ टक्के शुद्धतेचं बेंझिन काढणं, साठवणं आणि पाठवणं हा वेगळाच धंदा आहे. ते ५.५ अंशांना गोठतं, म्हणून पाइप आणि टाक्या गरम ठेवाव्या लागतात. शेजारी पेट्रोकेमिकल संकुल असेल किंवा आवारात आधीच अ‍ॅरोमॅटिक्स कॉम्प्लेक्स असेल तरच मी याच्या वाटेला जाईन. बेंझिन काढून उरलेला C६ भाग, म्हणजे रॅफिनेटही कमी ऑक्टेनचं असतं, त्याची सोय आधी बघा.

चौथा रस्ता थोडा कमी माहितीतला. एफसीसीच्या वायूतलं इथिलीन किंवा प्रोपिलीन झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज) कॅटॅलिस्टवर बेंझिनला जोडायचं. प्रोपिलीनने क्युमीन होतं, ऑक्टेन ११० च्या वर. हायड्रोजन लागत नाही, ऑक्टेन वाढतं, इंधनवायूत जळणारं इथिलीन पेट्रोल होतं. ज्यांच्याकडे हायड्रोजन कमी आणि एफसीसी मोठी, त्यांनी हा पर्याय यादीतून घाईने काढू नये. मात्र प्रोपिलीन स्वतंत्र विकता येत असेल तर ते बेंझिनवर खर्च करणं महागात पडतं. एफसीसीच्या वायूतली नायट्रोजनची अल्कधर्मी संयुगंही झिओलाइटला मारतात, त्यामुळे वायू धुण्याची सोय लागते.

पायरी ५: एफसीसी गॅसोलिन

इथे सॅच्युरेशन सरळ लावता येत नाही. बेंझिनच्याच पट्ट्यात C६ ओलेफिन (दुहेरी बंध असलेली संयुगं) असतात, हायड्रोजन दिला की आधी तेच संपतात आणि ऑक्टेन कोसळतं. शिवाय गंधक आहे. त्यामुळे उपाय मर्यादित: राइजरचं (एफसीसीत तेल जिथे तुटतं त्या नळीचं) तापमान थोडं उतरवणं, किंवा मधला C६ कट वेगळा काढून त्यावर द्रावकाने एक्स्ट्रॅक्टिव्ह डिस्टिलेशन. हा C६ कट हायड्रोट्रीट करून रिफॉर्मरला देण्याची कल्पना मधूनमधून कुणीतरी मांडतं. त्यातून बेंझिन वाढतं, कमी होत नाही. ताळेबंद रिफॉर्मरमध्ये जुळत असेल तर एफसीसीला हात न लावणंच बरं.

पायरी ६: माणसं

बेंझिन एकाग्र केलं की धोकाही एकाग्र झाला. २० टक्के बेंझिनच्या प्रवाहाला साध्या पेट्रोलचे नियम पुरत नाहीत. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत हवेतल्या बेंझिनची आठ तासांची सरासरी मर्यादा १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) आणि पंधरा मिनिटांची ५ पीपीएम आहे. वास येईपर्यंत ही मर्यादा बहुधा ओलांडलेली असते, त्यामुळे नाकावर भरवसा नको. बंद सॅम्पलिंग, दुहेरी सीलचे पंप, बंद ड्रेन, आणि त्वचेवर पडू नये म्हणून योग्य हातमोजे. कामगारांच्या लघवीतल्या बेंझिनच्या अवशेषांची तपासणीही नियमित करा.

पायरी ७: ब्लेंडिंग आणि बंदच्या दिवसांची तयारी

मर्यादा १ टक्का असली तरी ब्लेंडचं लक्ष्य त्याखाली ठेवावं लागतं. किती खाली, हे तुमच्या चाचणीच्या अचूकतेवर ठरतं. एएसटीएम डी-३६०६ किंवा ईएन १२१७७ या क्रोमॅटोग्राफीच्या पद्धती रुळलेल्या आहेत; इथेनॉल असेल तर त्याचं शिखर बेंझिनच्या शिखरावर चढत नाही ना, हे कॉलमच्या रचनेनुसार तपासा. ऑनलाइन इन्फ्रारेड विश्लेषक सोयीचे, पण ते जेवढ्या प्रकारच्या मालावर कॅलिब्रेट केले तेवढ्याच मालाला खरे. क्रूड बदललं की प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा.

टाकीच्या तळाशी उरलेला जुना मालही हिशेबात धरा. १.४ टक्के बेंझिनचा १,००० घनमीटर माल शिल्लक असताना ०.९ चा ९,००० घनमीटर भरला, तर टाकी ०.९५ वर येते आणि निम्मी मोकळीक संपते.

सॅच्युरेशन युनिट बंद पडेल तेव्हाचा आराखडा आधीच लिहून ठेवा. हलकं रिफॉर्मेट कुठे साठवणार, ती टाकी किती दिवसांत भरेल, तोवर रिफॉर्मरची तीव्रता किती उतरवणार, नॅफ्था स्प्लिटरचा कट किती वर नेणार. ती टाकी तरंगत्या छताची आणि दुहेरी सीलची हवी. युनिट परत सुरू झाल्यावर साठलेला माल रोजच्या फीडमध्ये हळूहळू मिसळूनच घ्यायचा, आणि तो किती वेगाने घ्यायचा ते पुनर्चक्रण आणि थंड करण्याची क्षमता ठरवते. रिअ‍ॅक्टरला त्याची रोजची क्षमता आणि वर किती टक्के जादा झेपतं, हे डिझाइनच्या वेळीच विचारून घ्या. युनिट उभं राहिल्यावर हा आकडा वाढवणं फार कठीण जातं.